व्हर्जिलच्या महाकाव्यातील सावली

प्रश्न : व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या लॅटिन महाकाव्याचे दोन इंग्रजी अनुवाद माझ्या संग्रही आहेत. रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांच्या अनुवादात शेवटच्या ओळीत, नायक ईनिअसच्या हातून मारल्या गेलेल्या टर्नसचा प्राण खालच्या ‘ग्लूम’मध्ये, म्हणजे काळोखात, पळून जातो. जॉन ड्रायडन यांच्या जुन्या अनुवादात तो जखमेतून उसळून बाहेर पडतो, पण कुठे जातो ते सांगितलेलेच नाही. इतर काही अनुवादांत याच जागी ‘शेड्स’ हा शब्द आढळतो. इंग्रजीत ‘शेड’ म्हणजे झाडाची सावली असे आम्ही शाळेत शिकलो. मृतांच्या जगाशी सावलीचा संबंध काय? मूळ शब्द कोणता, आणि त्याचे इतके वेगवेगळे अनुवाद का होतात?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मूळ शब्द ‘उम्ब्रा’ असा आहे, आणि तो लॅटिनमधला अगदी रोजच्या वापरातला शब्द आहे. उन्हातून आलेला रोमन शेतकरी ज्या सावलीत टेकत असे, तिला तो उम्ब्राच म्हणत असे. माणसाच्या पायाशी पडणारी पडछाया, रात्रीचा अंधार आणि मृत्यूनंतर माणसाचे जे शरीरहीन रूप उरते ते, या सर्वांसाठीही लॅटिनमध्ये हाच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र झाडाच्या सावलीला एक, पडछायेला दुसरा, अंधाराला तिसरा आणि मृताच्या रूपाला चौथा असे शब्द वाटून दिलेले आहेत. मृतांसाठी ‘शेड’ म्हणण्याची इंग्रजी पद्धत लॅटिनच्याच प्रभावाने रुळली असून ती बोलण्यात नव्हे तर काव्यात आणि अनुवादांत आढळते. त्यामुळे अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहून एक अर्थ उचलावा लागतो आणि बाकीचे सोडून द्यावे लागतात. त्या त्या ओळीपुरती पाहिली तर ही निवड बहुधा योग्यच असते. पण व्हर्जिलने हा शब्द बारा सर्गांमधून एका धाग्यासारखा ओवला आहे, आणि तो धागा अशा निवडीत तुटतो. माझ्या मते या महाकाव्याच्या अनुवादांत होणाऱ्या नुकसानांपैकी हे मोठे नुकसान आहे.

प्रथम आपण विचारलेली ओळ पाहू. ‘ईनीड’चा अगदी शेवटचा शब्द ‘उम्ब्रास’ हा आहे. ‘सुब् उम्ब्रास’, म्हणजे शब्दशः ‘सावल्यांच्या खाली’. टर्नसचा प्राण कण्हत, रोषाने, तिकडे निघून जातो. हीच ओळ जशीच्या तशी अकराव्या सर्गात कॅमिला या योद्धा स्त्रीच्या मृत्यूच्या वेळी येऊन गेलेली आहे. या ओळीमागे ग्रीक कवी होमरचा आदर्श उभा आहे : ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लस आणि हेक्टर या दोघा योद्ध्यांचे मृत्यू एकाच शब्दांत सांगितले आहेत, आणि तिथे प्राण आपल्या दैवाबद्दल शोक करीत हेडीसकडे, म्हणजे मृतांच्या देवाकडे, जातो. व्हर्जिलने देवाचे नाव काढून टाकले आणि त्या जागी सावल्या ठेवल्या. ड्रायडनचा १६९७ मधील अनुवाद यमकबद्ध द्विपदींत आहे. तिथे आधीची ओळ ‘अराउंड’ने संपते आणि तिला जोडून शेवटची ओळ ‘वूंड’ने, म्हणजे जखमेने, संपते. त्यात उम्ब्रा पूर्णपणे गळून पडली आहे. तो शब्द ड्रायडनच्या ध्यानात आला नव्हता असे मुळीच म्हणता येत नाही, कारण सहाव्या सर्गातील पाताळप्रवासात त्याने ‘शेड्स’ हाच शब्द वापरला आहे. फिट्झजेराल्ड यांनी १९८३ मध्ये निवडलेला काळोख भावाच्या दृष्टीने समर्पक आहे, पण काळोख ही एक अवस्था आहे आणि अनेकवचनी ‘उम्ब्रास’मध्ये काळोखाबरोबर मृतांची गर्दीही आहे. ॲलन मँडेलबॉम यांनी १९७१ मध्ये आणि रॉबर्ट फेगल्स यांनी २००६ मध्ये ‘शेड्स’ ठेवला, तो मला अधिक योग्य वाटतो.

हा शब्द या जागी योगायोगाने आला असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु व्हर्जिलच्या पहिल्या संग्रहातील, म्हणजे गोपगीतांच्या संग्रहातील, पहिली कविता पाहावी. तिच्या आरंभी एक गुराखी बीच वृक्षाच्या सावलीत निवांत पहुडलेला आहे, आणि जमीन हिरावली गेल्यामुळे देशोधडीला लागलेला दुसरा त्याच्याशी बोलत आहे. कविता संपते तेव्हा उंच डोंगरांवरून लांबच लांब सावल्या खाली उतरत असतात. तिथलाही शेवटचा शब्द ‘उम्ब्रे’, म्हणजे सावल्या, हाच आहे. त्याच संग्रहातील दहाव्या आणि अखेरच्या कवितेच्या शेवटी तर कवी स्पष्टच सांगतो की गाणाऱ्यांना सावली बाधते, जुनिपरची सावली बाधते आणि पिकांचेही सावल्यांनी नुकसान होते. म्हणजे ज्या सावलीत गुराख्याचे गाणे जन्माला येते तीच सावली संग्रह संपताना घातक ठरलेली आहे. काही झाडांची सावली अपायकारक असते अशी रोमन लोकांची समजूतच होती. ल्युक्रेशियस या रोमन कवीने अशा झाडांखाली गवतावर आडवे झालेल्यांचे डोके दुखते असे लिहिले आहे, आणि थोरल्या प्लिनीने अक्रोडाची सावली माणसाच्या डोक्याला त्रासदायक ठरवली आहे. चिंचेखाली झोपू नये असे सांगणाऱ्या आजीचे म्हणणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ‘ईनीड’कडे वळू. उम्ब्रा हा शब्द सर्वांत भेदक रीतीने येतो तो कार्थेजची राणी डायडो हिच्या कथेत, आणि तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पहिल्या सर्गात ट्रॉयहून परागंदा झालेला नायक ईनिअस कार्थेजमध्ये शिरतो तेव्हा शहराच्या मध्यभागी एक राई आहे. कवीने तिला ‘सावलीने अत्यंत संपन्न’ असे विशेषण दिले आहे. तिथेच डायडो जूनो देवीचे मंदिर उभारते आहे, आणि तिथेच ईनिअस तिला पहिल्यांदा पाहतो. तिने आश्रय दिल्यावर तो कृतज्ञतेने म्हणतो की जोपर्यंत नद्या समुद्राकडे वाहतील आणि जोपर्यंत डोंगरांच्या उतारांवरून सावल्या फिरत राहतील, तोपर्यंत तुझे नाव आणि तुझी कीर्ती टिकून राहील. इथे सावली ही निसर्गातील शाश्वत घटना आहे, शपथेला साक्ष ठेवण्याजोगी. पुढे व्हीनस देवी ईनिअसच्या मुलाला झोपवून दूर नेते आणि त्याचे रूप घेतलेल्या मदनाला डायडोकडे पाठवते. तो खरा मुलगा जिथे निजतो तिथे मरव्याची फुले त्याला ‘गोड सावलीने’ वेढून घेतात. एकाच सर्गात सावलीची ही तीन सुखद रूपे आहेत.

चौथ्या सर्गात ईनिअस तिला सोडून इटलीला निघतो, आणि डायडो त्याला शाप देते की मी मेल्यावर ‘उम्ब्रा होऊन सर्व ठिकाणी तुझ्यासोबत असेन’. इंग्रजी अनुवादक इथे अनेकदा भुताचा शब्द वापरतात, आणि प्रसंगाचा अर्थ त्यातून पोहोचतो. पण लॅटिन वाचणाऱ्याच्या कानात डोंगरावरच्या त्या सावल्या अजून घुमत असतात. ज्या शब्दाने त्याने वचन दिले, त्याच शब्दाने ती सूड मागते आहे. सहाव्या सर्गात ईनिअस पाताळात उतरतो आणि तिला पाहतो. ती ‘सावल्यांमधून’ अंधुक दिसते. महिन्याच्या आरंभीची चंद्रकोर ढगांतून उगवताना कुणी पाहावी, किंवा पाहिल्याचा भास व्हावा, तशी. तो रडतो, विनवतो, आणि ती एक शब्दही न बोलता निघून जाते. जाते कुठे? ‘नेमुस उम्ब्रिफेरुम’मध्ये, म्हणजे सावली धारण करणाऱ्या राईत, जिथे तिचा पहिला पती सिकेअस तिची वाट पाहतो आहे. कार्थेजमधल्या राईपासून पाताळातल्या राईपर्यंत तिची सारी कथा या एका शब्दाच्या आधाराने चालते. त्या राईला इंग्रजीत ‘अंधारी’ म्हटले तर ती जागा भयाण वाटू लागते. लॅटिनमध्ये तिथे विसावाही आहे. ज्या पुरुषाने तिला सोडले त्याच्यापासून ती पळते आणि ज्याने सोडले नाही त्याच्या सावलीला जाते, हा अर्थ मला तिथे नेहमीच जाणवत आला आहे.

त्याच सर्गात पाताळाच्या वाटेचे वर्णन आहे, आणि ते या शब्दाच्या अभ्यासासाठी अमोल आहे. ईनिअस आणि त्याला वाट दाखवणारी भविष्यवेत्ती सिबिल ‘एकाकी रात्रीखाली अंधुक होऊन सावलीतून’ चालत असतात. एकाकी खरे तर ते दोघे आहेत आणि अंधुक रात्र आहे, पण कवीने विशेषणांची अदलाबदल केली आहे, जणू त्या अंधारात कोणता गुण कुणाचा हेही धड दिसत नाही. लगेच उपमा येते : अपुऱ्या चांदण्यात जंगलातून वाट काढावी, ज्युपिटरने आकाश सावलीत लपवलेले असावे आणि काळ्या रात्रीने वस्तूंचे रंग हिरावून घेतलेले असावेत, तशी ही वाट. पाच ओळींत उम्ब्रा दोनदा आली आहे. एकदा ती पाताळाची आहे, दुसऱ्यांदा पृथ्वीवरच्या रात्रीची. वाचकाने मृतांचे जग कधी पाहिलेले नाही, पण रानातली रात्र त्याला माहीत आहे, आणि एका अनुभवावरून दुसऱ्यावर जाण्याचा पूल हा शब्दच बांधतो. अनुवादकाने एकीकडे ‘छाया’ आणि दुसरीकडे ‘अंधार’ लिहिले की पूल उरत नाही.

इतर ठिकाणांचा उल्लेख थोडक्यात करतो. सहाव्या सर्गाच्या अखेरीस रोमन सम्राट ऑगस्टसचा भाचा मार्सेलस, जो इ.स.पू. २३ मध्ये तरुणपणीच वारला, भावी पिढ्यांच्या मिरवणुकीत दिसतो, आणि त्याच्या मस्तकाभोवती काळी रात्र ‘खिन्न सावली’ घेऊन घिरट्या घालते. नवव्या सर्गात ईनिअसच्या बाजूचा तरुण योद्धा युरिॲलस याचे लुटीत मिळालेले शिरस्त्राण ‘रात्रीच्या मंद उजेडाच्या सावलीत’ चमकते आणि शत्रूला त्याचा पत्ता देते. दहाव्या सर्गात ईनिअस रणांगणात पडलेल्या एका पुजाऱ्यावर उभा राहून त्याचा बळी देतो आणि त्याला ‘प्रचंड सावलीने झाकतो’. ती सावली वर उभ्या असलेल्या योद्ध्याची की मृत्यूची, हे कवीने उघडे ठेवले आहे, आणि मराठी अनुवादकानेही ते उघडेच ठेवावे.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. लॅटिन महाकाव्याची ओळ सहा गणांची असते आणि तिच्या अखेरच्या गणात पहिले अक्षर गुरू व दुसरे गुरू किंवा लघू लागते. ‘उम्ब्रा’ आणि ‘उम्ब्रास’ ही दोन्ही रूपे त्या जागी सहज बसतात, त्यामुळे हा शब्द ओळीच्या शेवटी वारंवार येण्यामागे वृत्ताची सोयही आहे. म्हणून प्रत्येक उम्ब्रामागे गूढ अर्थ शोधत बसू नये. चौथ्या सर्गाच्या आरंभी पहाट रात्रीची ओलसर सावली दूर सारते, तिथे सकाळ झाली एवढाच अर्थ घ्यावा.

प्रश्न : व्हर्जिलची उम्ब्रा म्हणजे आपल्याकडचे भूत समजावे काय? मराठीत अनुवाद करायचा झाल्यास भूत, आत्मा, पितर यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : माझ्या मते तिन्ही नकोत, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. मराठीतले भूत अतृप्त असते, झपाटते, त्याला उतरवावे लागते. व्हर्जिलच्या बहुतेक उम्ब्रा कुणालाही झपाटत नाहीत. त्या मूक असतात, त्यांना वजन नसते आणि जिवंत माणसाच्या तलवारीने त्या तुटत नाहीत. डायडोचा शाप हा अपवाद आहे, म्हणूनच तो लक्षात राहतो. ट्रॉय जळत असताना ईनिअसची हरवलेली पत्नी क्रेउसा त्याच्यापुढे प्रकट होते तेव्हा कवी दोन ओळींत तीन शब्द वापरतो : प्रतिकृती, उम्ब्रा आणि प्रतिमा. ती तिच्या नेहमीच्या रूपापेक्षा मोठी दिसते, पतीचे सांत्वन करते, पुढचा मार्ग सांगते. तो तिला तीनदा कवटाळू पाहतो आणि तिन्ही वेळा ती हातांतून वाऱ्यासारखी, स्वप्नासारखी निसटते. याच तीन ओळी सहाव्या सर्गात ईनिअस पित्याला मिठी मारू पाहतो तेव्हा पुन्हा आल्या आहेत. जिचा निरोप घेता आला नाही त्या पत्नीला भूत म्हणणे मराठी वाचकाला खुपल्याशिवाय राहणार नाही.

आत्मा हा शब्द वेगळ्या कारणाने टाळावा, कारण त्याची गरज दुसरीकडे आहे. लॅटिनमध्ये ‘अनिमा’ हा स्वतंत्र शब्द आहे. सहाव्या सर्गात ईनिअसचा पिता अँकायसिस सांगतो की जीव हजार वर्षे शुद्ध होऊन, विस्मृतीच्या नदीचे पाणी पिऊन, नव्या शरीरात परत जातात. तिथे शब्द अनिमा आहे, आणि पुनर्जन्माची कल्पना परिचित असलेल्या मराठी वाचकाला तिथे आत्मा किंवा जीव हाच शब्द सरळ पोहोचतो. पाताळवर्णनाच्या आधी कवी जे आवाहन करतो त्यात ‘जिवांवर राज्य करणारे देव’ आणि ‘मूक सावल्या’ एकाच ओळीत आहेत. दोन्हींसाठी एकच मराठी शब्द वापरला तर ती ओळच मोडते. पितर हा शब्द ‘मानेस’ या तिसऱ्या लॅटिन शब्दासाठी राखून ठेवावा. रोमन लोक फेब्रुवारीत मृत पूर्वजांसाठी पॅरेंटालिया हा विधी करीत, थडग्यांवर नैवेद्य ठेवीत, आणि त्या पूर्वजांच्या समूहाला मानेस म्हणत. पितृपक्षाशी त्याचे साम्य उघड आहे.

उम्ब्रासाठी मी ‘सावली’ आणि ‘छाया’ या दोनच शब्दांवर सर्व भिस्त ठेवीन. सावलीत आपल्याकडे आसराही आहे. मायेची सावली, वडिलांची सावली असे आपण म्हणतो. छायेत सावट आहे. दुष्काळाची छाया, मृत्यूची छाया. झाडाखाली आणि डोंगरावर सावली, रात्री आणि पाताळात छाया, अशी ढोबळ विभागणी करावी. पण डायडोच्या कथेत वर सांगितलेल्या सहाही ठिकाणी मात्र ‘सावली’च ठेवावी. ‘मी सावली होऊन सगळीकडे तुझ्याबरोबर असेन’ हे मराठीत कोणत्याही टीपेशिवाय अंगावर येते, कारण माणसाला स्वतःच्या सावलीपासून पळता येत नाही हे भाषेला आधीच ठाऊक आहे.

शेवटच्या ओळीची अडचण निराळी आहे. लॅटिनमध्ये शब्दाचा वाक्यातील संबंध प्रत्ययावरून कळत असल्यामुळे कवी ‘उम्ब्रास’ला अगदी टोकाला नेऊ शकतो. मराठीतही प्रत्यय आहेत, परंतु गद्यात वाक्य क्रियापदावर थांबते, आणि ‘पळाला’ किंवा ‘निघून गेला’ हा शेवटचा शब्द ठरतो. पद्यात ही अडचण राहत नाही. ‘आणि कण्हत, रोषाने, प्राण निघून गेला छायांच्या तळी’ अशी रचना मराठी कवितेला परकी वाटत नाही. म्हणून या महाकाव्याचा मराठी अनुवाद गद्यात करणाऱ्यानेही निदान ही एक ओळ पद्याच्या क्रमाने लिहावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : उम्ब्राचा असा वापर फक्त व्हर्जिलने केला आहे की इतर लॅटिन कवींनीही? आणि लॅटिन न येणाऱ्या वाचकाला हा शब्द शोधता येईल काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : इतरांनीही केला आहे, आणि दोन उदाहरणे तर आवर्जून वाचावीत अशी आहेत. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या दहाव्या सर्गात गायक ऑर्फियस पत्नीला परत आणण्यासाठी पाताळात जातो, युरिडिसी तिथे ‘नव्या सावल्यांमध्ये’ असते आणि सर्पदंशाच्या जखमेमुळे हळूहळू चालत येते. तो मागे वळून पाहतो आणि तिला कायमचा गमावतो. त्यानंतर तो एका उघड्या टेकडीवर जाऊन बसतो. ‘त्या जागी सावली नव्हती’, कवी सांगतो. ऑर्फियस तारा छेडतो आणि ‘त्या जागी सावली आली’, कारण ओक, लिंडन, बीच अशी झाडे गाणे ऐकायला चालत आली. पाताळातून एक सावली वर आणू न शकलेला माणूस गाण्याने सावली बोलावतो. अकराव्या सर्गात त्याचा वध होतो तेव्हा त्याची स्वतःची उम्ब्रा भूमीखाली जाते आणि तिथे त्याला युरिडिसी भेटते. अनुवादात पहिल्या ठिकाणी ‘मृतात्मे’, दुसऱ्या ठिकाणी ‘सावली’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘आत्मा’ आला तर ही कथा वाचकाला समजते, परंतु ओव्हिडने ती कशी गुंफली ते समजत नाही.

दुसरे उदाहरण ल्यूकनचे. इ.स. ६५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सम्राट नीरोच्या आज्ञेने त्याला आत्महत्या करावी लागली. सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवी युद्धावरील त्याच्या महाकाव्यात म्हाताऱ्या पॉम्पीबद्दल तो म्हणतो की तो ‘मोठ्या नावाची सावली’ होऊन उभा आहे. लगेच पॉम्पीला एका जुन्या ओक वृक्षाची उपमा येते : मुळांचा जोर गेलेला, केवळ स्वतःच्या भाराने उभा असलेला, आणि ‘पानांनी नव्हे तर खोडाने सावली देणारा’. पाच ओळींच्या अंतरात उम्ब्रा नावाची आहे आणि झाडाचीही. इंग्रजीला इथे सहसा दोन शब्द घ्यावे लागतात, मराठीला एकच ‘सावली’ पुरते, आणि ही संधी आपल्या अनुवादकांनी दवडू नये.

शोध घेण्यासाठी लॅटिन येण्याची गरज नाही. लोएब ग्रंथमालेत डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी गद्य असते. लॅटिन ग्रंथांना लाल वेष्टन आणि ग्रीक ग्रंथांना हिरवे, त्यामुळे ग्रंथालयात ते लांबूनही ओळखू येतात. व्हर्जिलचे खंड त्या मालेत एच. आर. फेअरक्लफ यांनी १९१६ पासून प्रसिद्ध केले. विभक्तीप्रमाणे शब्दाची शेपटी बदलते, पण ‘उम्ब्र’ हा भाग कायम राहतो : उम्ब्रा, उम्ब्रे, उम्ब्राम, उम्ब्रास, उम्ब्रिस. रोमन लिपी वाचता येणाऱ्या कुणालाही डाव्या पानावर तो नजरेने टिपता येतो आणि उजव्या पानावर त्याच ओळीत अनुवादकाने काय लिहिले ते पाहता येते. पहिला आणि सहावा सर्ग अशा रीतीने आधी वाचावेत, मग चौथा. बाकीचे सर्ग त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतील.